चार हॉर्न आणि वालबुर्गाबाई

ऑस्ट्रियातल्या लिंझच्या वाद्यवृंदात वालबुर्गाबाई बत्तीस वर्षं वादकांच्या स्वरलिपीच्या वह्या सांभाळत होत्या. शहरातल्याच हाबिख्लर नावाच्या जुन्या संगीतकाराची सिम्फनी यंदा वाजणार होती. तिची एकत्र प्रत कधी छापलीच गेली नव्हती. प्रत्येक वाद्याची वेगळी वही तेवढी बाईंच्या कपाटात होती. म्हणून हॉर्न ही पितळी फुंकवाद्यं किती लागतील हे पाहायला व्यवस्थापक डॉ. ओबर्माइर यांनी संगीतकोश उघडला. त्यात लिहिलं होतं, 'हॉर्न चार आहेत, पण एका वेळी जोडीच वाजते.'

"म्हणजे दोघे पुरेत," ओबर्माइर म्हणाले. "तिसऱ्याला आणि कोर्बिनियनला या वेळी विश्रांती."

कोर्बिनियन चौथा हॉर्नवादक. या मोसमानंतर तो निवृत्त होणार होता, आणि ही त्याची शेवटची मैफल होती.

"डॉक्टरसाहेब," बाई म्हणाल्या, "त्या काळी सूर बदलायला हॉर्नची नळी बदलावी लागे. एक जोडी वाजवायची तेव्हा दुसरी नळ्या बदलायची. शेवटच्या पानावर मात्र चौघे एकदम आहेत."

"कोश विद्वानांनी लिहिलाय, बाई. तुम्ही तो बदलून आणा, मी चौघांना बसवतो."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी त्याच दिवशी व्हिएन्नाला कोशाच्या संपादकांना पत्र टाकलं. उत्तर आलं, 'कृपया आपली पदवी कळवावी.'

आता काय कळवणार, कपाळ! बाईंनी चौथ्या हॉर्नच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. मैफल झाली की वादक तिथे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहितो, ही तिथली जुनी रीत. एकोणीस नावं होती. शेवटच्या ओळीशी १८७३ साली कुणीतरी खरडलं होतं, 'इथे चौघे. दम राखून ठेव.' त्याखाली पुढच्यांनी लिहिलं होतं, 'खरंय', 'फारच खरंय'. बाईंनी चारही वह्यांच्या शेवटच्या पानांची छायाचित्रं पाठवली आणि खाली लिहिलं, 'पदवी नाही. वह्या आहेत.'

तीन आठवड्यांनी नव्या आवृत्तीचं कच्चं पान आलं. 'जोड्या आलटून पालटून वाजतात; अखेरीस चारही हॉर्न एकत्र येतात.' सोबत चिठ्ठी होती, 'आता स्पष्ट झालं का, हे आपणच सांगावं.'

बाईंनी 'अखेरीस' खोडून 'शेवटच्या अठ्ठावीस मात्रांत' असं केलं. मग ते पान ओबर्माइरांच्या टेबलावर ठेवलं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"कोशवाले तुम्हाला विचारतात?"

"विचारतात," बाई म्हणाल्या. त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला होता आणि तो लपवायची त्यांना मुळीच गरज वाटली नाही. "तालीम दहाला आहे. दोन खुर्च्या कमी आहेत."

ओबर्माइर उठले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्या नेऊन मांडल्या.