भासऱ्यांचा उजवीकडे जाणारा चेंडू

माझं अक्षर म्हणजे वाळत घातलेल्या धानात कोंबडी फिरून गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीत पाटी सुटली ती सुटलीच. ही वही मी पेटीत कपड्यांखाली ठेवते. चुकून कोणाच्या हाती लागली तर चुका पोटात घालाव्या. पण एक गोष्ट मी वाकड्या अक्षरातही छातीवर हात ठेवून लिहीन, की माझ्या भासऱ्यांइतका चुळबुळ्या माणूस केशोरीपासून सडक अर्जुनीपर्यंत दुसरा नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. बसले तर त्यांचा गुडघा हलतो, उभे राहिले तर टाच, आणि झोपेतसुद्धा दोन्ही मनगटं अशी फिरत असतात की बाजेची दोरी सैल होते. जेवताना त्यांनी एका घासात किती वेळा मान वळवली ते मोजायला गेलं तर आपली भाकरी गार होते.

याचं मूळ गोल्फमध्ये आहे. तरुणपणी ते नागपूरला गेले आणि एका मैदानावर पुष्कळ वर्षं साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन फिरले. गुडघे दुखायला लागले तेव्हा एक जुनी लोखंडी तोंडाची काठी आणि बोरीभर टाकून दिलेले चेंडू घेऊन गावी परत आले. कापणी होऊन धानाच्या बांध्या रिकाम्या झाल्या की रोज सकाळी ते धसकटांत उभे राहून चेंडू मारतात. साहेबांचे चेंडू वाकडे का जातात हे त्यांना तोंडपाठ होतं. ते सांगायचे, "चेंडू काठीच्या तोंडाचं आयकते. लागतेवेळी तोंड उघडं राहिलं, अन् काठी बाहेरून आत पोटाकडं आडवी आली, का चेंडू उजवीकडं पळालाच समजा. मनगटं पलटली पाहिजे, बस." हे एवढं ज्ञान त्यांना पोटात ठेवता येईना. सासूबाई भिंतीवर गोवरी थापत असल्या तर म्हणायचे, "माय, तुझा पाय चुकून राहिला, म्हणून गोवरी वाकडी लागून राहिली." एका लग्नात तर त्यांनी मांडवात वरच्या आवाजात सांगितलं, "मनगटं उघडी ठेवून राहिले तुम्ही सारे! म्हणून अक्षता नवरीवर न पडता भटजीवर पडून राहिल्या." भटजींनी मंगलाष्टक थांबवून डोक्यावरचे तांदूळ झाडले आणि मान हलवून कबूल केलं.

पण गंमत अशी, की सगळ्या जगाची काठी सरळ करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा चेंडू नेहमी उजवीकडे जायचा. उजवीकडे शेजारच्या काकूंचं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं घर. निघताना चेंडू बोडीच्या, आमच्या लहानशा तळ्याच्या पाळीवरच्या पळसाकडे निघायचा, अर्ध्या वाटेत त्याला काय आठवायचं कोण जाणे, वळून काकूंच्या छपरावर टणकन. मग काकू पदरात चेंडू आणि फुटक्या कवेलूचा तुकडा घेऊन यायच्या. "काऊन गा, माझं घरच दिसते का तुले?" म्हणून भांडायच्या, आणि भांडून झालं की चहा पिऊन जायच्या. भासरे कधी वाऱ्याला दोष द्यायचे, कधी जमिनीच्या उताराला. मग उपाय म्हणून थोडं डावीकडे तोंड करून उभे राहायचे. चेंडू आणखी उजवीकडे. आणखी डावीकडे. शेवटी ते पळसाकडे जवळजवळ पाठ करून मारुतीच्या देवळाकडे तोंड करायचे, आणि चेंडू तरी काकूंच्याच घरी.

चेंडू वेचून आणायचं काम माझं, त्यामुळे मला चूक कधीची दिसली होती. जितकं डावीकडे वळावं, तितकी काठी पोटावरून आडवी येते आणि तितकाच चेंडू उजवीकडे वळतो. त्यांचंच वाक्य, लोकांना सांगितलेलं. पण आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांची सावली ओलांडायची नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. वावरात उभी राहून मी ओठ चावायची.

मागच्या हिवाळ्यात चेंडू कवेलू फोडून काकूंच्या चुलीवर शिजत्या भाजीच्या गंजात पडला. काकू या वेळी चहाला थांबल्या नाहीत, थेट पाटलांकडे गेल्या. पारावर चार म्हातारे बसले आणि निकाल दिला, की रविवारी सगळ्यांसमोर पाच चेंडू मारायचे. एकही उजवीकडे गेला तर काठी लोहाराकडे, तिचा विळा करायचा. एक म्हातारा म्हणाला, "विळा कामाचा तरी राहीन."

ते चार दिवस भासऱ्यांनी काठी मांडीवरून खाली ठेवली नाही. फडक्यानं पुसायचे, उठायचे, बसायचे. रविवारी सकाळी अंगणात नुसतीच काठी फिरवत होते, तोंड पुन्हा मारुतीकडे. मी शेळी बांधत होते. मला राहवलं नाही. पदर पुढे ओढला आणि शेळीला म्हटलं, "शेळे, लोकायले शिकवते अन् सोता कायले इसरते व? डावीकडं वळू नको, पळसासमोर सरळ उभी राहा. डावा हात जरासा पलटव, बोटायच्या दोन गाठी दिसू दे. अन् काठी काकूच्या घराकडं जाऊ दे."

भासऱ्यांचा गुडघा थांबला. तो थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग तेही शेळीलाच म्हणाले, "काकूच्या घराकडं? बावली झाली का शेळे?"

"काठी तिकडं, तोंड पळसाकडं," मी शेळीला सांगितलं. शेळी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत पाला चावत राहिली.

सगळं गाव बांधावर जमलं होतं. भासरे सरळ उभे राहिले. पहिला चेंडू काकूंच्या घराकडेच निघाला. काकू ओरडल्या, "गेला माझा कवेलू!" आणि चेंडूनं हवेत विचार बदलला, हळूच डावीकडे झुकला, पळसाच्या बुंध्याशी पडला. दुसरा, तिसरा, चौथा तसेच. पाचवा जरा जास्तच डावीकडे गेला आणि बोडीत बुडाला. म्हाताऱ्यांनी बराच वेळ विचार करून ठरवलं, की पाणी उजवीकडे नाही.

काठी वाचली. मात्र इतक्या वर्षांच्या कवेलूंचे पैसे हप्त्यानं द्यायचे ठरले. भासरे दर महिन्याला पैसे चौकटीवर ठेवायचे आणि भिंतीकडे बघून म्हणायचे, "कोणी नेऊन द्या." मी नेऊन द्यायची. चेंडू आता सरळ जातो. उजवीकडच्या वावरात माझं काही काम उरलं नाही, आणि काकूंनाही आमच्याकडे यायला निमित्त राहिलं नाही.

मागच्या आठवड्यात शेवटचा हप्ता दिला. काकूंनी पैसे दोनदा मोजले, पदराच्या गाठीला बांधले. "फिटले व सारे," म्हणाल्या, आणि चुलीवर चहा ठेवून मला दारातून हलूच देईनात.