नावं सरकत असताना

सिनेमाचा चौथा भाग एकदाचा संपला. तीन तास पडद्यावर शहरं कोसळत होती आणि मी शेजारी बसलेल्या बायकोला दर दहा मिनिटांनी म्हणत होतो, "काय हा छळ!" आता नावं सरकू लागली, तरी कुणीच उठलं नाही. नावांनंतर पुढच्या भागाची झलक दाखवतात, ती चुकवायची नव्हती.

आमच्या पुढची रांग रिकामी होती. तिथे झाडू घेऊन एक मावशी आमच्या उठण्याची वाट बघत उभ्या होत्या. मला ओशाळल्यासारखं झालं. मघाशी सांडलेले पॉपकॉर्न मी पायानेच खुर्चीखाली ढकलले होते. शिव्या देत बसून राहतो आपण, आणि त्याचा भार भलत्याच माणसावर पडतो.

"मावशी, अजून वेळ आहे का हो?" मी विचारलं.

"बसा की. मेलेला हिरो परत डोळे उघडतो, तेवढंच राहिलंय. मागच्या वेळीही हेच होतं. तुम्ही बसता म्हणून तर पुढचा भाग काढतात."

मी उठायला हवं होतं. पण तेवढ्यात पडदा उजळला आणि मी म्हणालो, "मावशी, जरा बाजूला होता का? दिसत नाहीये."