लोकर काढा, मेंढी ठेवा

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी गंगाधर सर त्याच्या डब्यावर पालथा हात ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते ना, तस्सा. मग टिचकी मारायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "हाय. जीव हाय." पहिल्याच दिवशी मी फिस्सकन हसले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पेडगावची का तू? आधी हसायचं आन मग इचारायचं, आसं हाय का तुमच्याकडं? इचार आता!" आमची ओळख झाली ती ही अशी.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या शेवटाशेवटाचे दिवस. परभणीत मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचा क्लास भरायचा. जागा दुकानवाल्या शेठची, मशिनंही शेठचीच. औरंगाबादच्या कुठल्याशा कारखान्यानं काढून टाकलेली चार धुडं त्यांनी लिलावात उचलली होती. पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि पोटात हार्ड डिस्क नाही. तळहाताएवढी लवचिक फ्लॉपी आत सरकवली की ती शुद्धीवर यायची, तीसुद्धा मनात आलं तर. नव्या गोष्टी त्यांच्यात मावायच्याच नाहीत. दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता.

पण सर राणीसावरगावचे, मेंढपाळाच्या घरचे. बीएस्सी झाले, पुण्यात नोकरी केली, कॉम्प्युटर शिकले आणि साहेबाशी भांडून परत आले. भांडण कशावरून, हे दर वेळी वेगळं सांगायचे. घरच्या मेंढरांचा मात्र त्यांना भारी अभिमान. "आमचा बाप एवढा मोठा कळप घिऊन रानोमाळ हिंडलाय. मला चार मशिनं जड हायत व्हय?"

त्या मशिनांवर त्यांचा एकच इलाज, कातरणी. फ्लॉपीवरच्या फायली एकेक करून बघायचे आणि उडवायचे. "हे फिजूल. हे बी फिजूल. ह्याला कोण इचारायलंय? फिजूल!" असं करून फ्लॉपी इतकी हलकी करायचे की मशीन सुरू करणारा भाग आणि आमच्या कामाचा प्रोग्रॅम, दोन्ही तिच्यात मावावेत. "लोकर काढा, मेंढी ठेवा," हे त्यांचं पालुपद. "लोकर काढल्यानं मेंढी मरत न्हाई, पळायला लागती." कधी कधी कातरणीच्या भरात मेंढीचा कानही उडायचा. मशीन ढिम्म व्हायचं. मग सर आमच्यावर डाफरायचे, "कोण बोललं मधी? कोण बोललं?" बोललेलं कुणीच नसायचं.

एका मशिनावर दोघं बसायची. बाहेर आज बंद, उद्या मोर्चा. एसटी येईल की नाही याचा नेम नसायचा आणि माणसं एकमेकांचं आडनाव विचारून मग बोलायची. आत सर दारातून येईल त्याला रिकाम्या जागेवर बसवायचे. एकानं कुरकुर केली, तर सर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "मशीनला जात कळत न्हाई. त्याला जागा कमी पडली तेवढं कळतं. बसायचं तर बस, न्हाईतर जिना तिकडं हाय!" तो बसला.

अशा दिवसांत खेड्यांतून आम्हा पोरींना कोण पाठवणार? आमच्या घरी तर नावच काढायची सोय नव्हती. पण क्लासच्या दाराशी सरांच्या बायको द्वारकावैनी बसलेल्या असायच्या. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात टकळी. दिवसभर त्या लोकरीचं सूत कातायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायच्या. माझे आप्पा चौकशीला आले, वैनींकडे बघून खाली उतरले आणि मला म्हणाले, "जा. बाईमाणूस हाय तिथं." पोरींचा क्लास वैनींच्या बसण्यावर चालला होता.

त्यातच स्टेशनकडे रंगीत पडद्यांचा नवा क्लास निघाला आणि आमच्याकडची पोरं तिकडे गेली. शेठ वर आले. वैतागलेलेच होते. "मास्तर, मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई पोळ्यानंतर बघायला यायलेत. त्यांना मराठी टायपिंग पाह्यजे. त्यांनी पोरी पाठवल्या तर ठीक. न्हाईतर मशिनं भंगारात, आन खोलीत मी पोती ठिवतो." शेठ गेल्यावर आम्ही सहा पोरी एकमेकींकडे बघत बसलो. रंगीत क्लासला आमच्या घरचं कुणी पाठवणार नव्हतं. हे बंद म्हणजे आमचं सगळंच बंद.

सरांनी मराठीचा प्रोग्रॅम कुठूनसा मिळवला. तो एवढा अगडबंब, की मशीन त्याला बघूनच धापा टाकायचं. सर कातरायला बसले. काही दिवसांनी मराठी अक्षरं उमटली आणि आम्ही टाळ्या पिटल्या. पण दुसऱ्या दिवशी मशीन फ्लॉपी वाचेना. सरांनी आणखी कातरलं. तरी वाचेना. आणखी कातरलं. दुसरं मशीनही रुसलं, मग तिसरं. सर घामाघूम झाले. जेवायचंही सोडलं त्यांनी. "ह्याच्याहून हलकं काय करू? मोकळी फ्लॉपी घालू का आता?" असं एकटेच बोलायचे. मला तर रडू यायला लागलं होतं.

शेवटी त्यांनी चिडून स्क्रूड्रायव्हरनं मशीन खोललं. फ्लॉपी जिथं फिरते तिथं काळ्याभोर केसांचा पुंजका बसलेला. त्यांनी तो चिमटीत धरून उजेडात नेला. लोकर! राणीसावरगावच्या त्यांच्याच मेंढरांची. दाराशी टकळी फिरायची, तिची लव वाऱ्यानं आत यायची आणि चारही मशिनांत जाऊन बसायची. ज्या माणसानं जन्मभर लोकर काढा म्हटलं, त्याला खरोखरची लोकर दिसली नव्हती. आम्ही तोंडावर हात दाबून हसलो. सर हसले नाहीत. चारही मशिनांतली लोकर काढली, तशी ती फ्लॉपी वाचू लागली.

"द्वारके, टकळी उद्यापसून घरी."

वैनी उसळल्या, "आन मी हितं हात रिकामे ठिवून बसू? बाहुली हाय का मी? मग मी बी घरीच राहते."

वैनी घरी राहिल्या तर पोरीही घरी राहणार, हे सरांना कळत होतं. थोडा वेळ ते येरझाऱ्या घालत राहिले. मग चौथ्या मशिनापुढची खुर्ची त्यांनी ओढली आणि म्हणाले, "मग हितं बस. ही कुसुम दाखवील तुला." कुसुम म्हणजे मी.

वैनी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. पण दाराशी बसून आमचं घोकणं ऐकता ऐकता त्यांना अर्धीअधिक अक्षरं तोंडपाठ झाली होती. आता त्यांना फक्त ती डोळ्यांनी ओळखायची होती. मी कळ दाखवायची, त्या एका बोटानं दाबायच्या आणि पडद्यावर अक्षर उमटलं की "अगं माय!" म्हणून माझा हात घट्ट धरायच्या. पोळा होईपर्यंत त्या शब्द जुळवू लागल्या.

मोठ्या बाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, कडक चेहरा. "मशिनं फार जुनी आहेत हो," म्हणाल्या. सरांच्या मानेची शीर फुगली. आता हे भांडणार आणि सगळं बुडणार, असं मला वाटलं. तेवढ्यात बाईंचं लक्ष कोपऱ्यात गेलं. वैनी कुणाकडेही न बघता एका बोटानं काहीतरी लिहीत होत्या.

"या किती शिकल्यात?"

"हितंच, म्हैनाभर," सर म्हणाले.

बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. पडद्यावर एकच शब्द होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, "गंगाधर. हे कोण?"

वैनींनी पदर तोंडावर ओढला. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, वैनींनी ते नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी उच्चारलं नव्हतं. पदराआडून त्यांचं बोट निघालं आणि सरांकडे वळलं. मोठ्या बाई खळखळून हसल्या. इतकी कडक बाई असं हसेल असं वाटलं नव्हतं मला. "सोमवारपासून पाठवते मुली," म्हणाल्या आणि वैनींच्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

पुढे तो क्लास बरीच वर्षं चालला. मला नोकरी त्याच मराठी टायपिंगवर लागली. सर आता नाहीत. त्यांच्यासारखं मनापासून रागावणारं माणूस मला परत भेटलं नाही, आणि त्याची फार चुटपुट लागते.

मोठ्या बाई येऊन गेल्या त्या दिवशी सगळे पेढे खाऊन खाली उतरले. वैनी तर लाजून कधीच घरी पळाल्या होत्या. मी मशिनं बंद करत होते. सर चौथ्या मशिनापुढे उभे होते. पडद्यावर वैनींनी लिहिलेलं 'गंगाधर' तसंच होतं.

"सर, फ्लॉपीवर ठेवू का हे?"

"नको. लाजती ती."

"मग बंद करू?"

सरांनी खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसले.

"नको," म्हणाले. "लाइट जाईस्तोर राहू दे."