ब्रुसेल्सला भेटलेली युनियन

मुलीकडे ब्रुसेल्सला जायचं ठरलं, तेव्हा दिवा स्टेशनजवळ राहणारी माझी मैत्रीण सुमन म्हणाली, "जातेयस तर विचारून ये गं. तिकडे शेतात चालत नाही ते औषध इकडे का पाठवतात?" डोंबिवली एमआयडीसीत आम्ही दोघींनी त्याच कीटकनाशकाच्या पुड्या भरल्या. माझे हात वाचले. तिच्या बोटांची सालं अजून निघतात.

विमानतळावर जाताना ठाण्यात माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये इतकी अडकले की विमान चुकतंय असंच वाटलं, तेव्हा डोंबिवलीकरांनो, लवकर निघा. ब्रुसेल्समध्ये ट्रामचा दिवसभराचा पास घ्या, चौकातले बटाट्याचे तळलेले काप खा आणि थालिपिठाची भाजणी घरूनच न्या.

तिसऱ्या दिवशी मानसी, माझी लेक, मला एका जाहीर चर्चेला घेऊन गेली. प्रवेश फुकट, फक्त नाव आधी नोंदवायचं. विषय आमचाच: इथे बंदी असलेली औषधं बाहेर विकावीत का? कारखानदारांची संघटना 'विका' म्हणणार, पर्यावरणवाले 'नको' म्हणणार, हे न सांगता कळत होतं. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर दहीहंडी कोणत्या पक्षाची हे बॅनर बघून कळतं, तसंच. मग कामगार संघटनेचा माणूस उठला. कोटावर लाल बिल्ला. मी सरसावून बसले, आता आपला माणूस बोलणार!

मानसीने त्याचं बोलणं कानात सांगितलं, "निर्यात थांबली तर आमच्या कामगारांनी जायचं कुठे?" शेजारी कारखानदारांचा माणूस मान डोलावत होता.

माझं डोकंच फिरलं. 'कामगार एकजुटीचा विजय असो' म्हणत आम्ही गेटवर घसे फोडले, ते ह्यासाठी?

"मानसी, माइक माग."

"आई, हळू बोल ना!"

"नाही बोलणार हळू. विचार त्याला, दिव्याची सुमन कामगार नाही का?"

मानसीने विचारलं, सुमन कोण तेही सांगितलं. तो जरा ओशाळला. म्हणाला, "आहे. पण त्या आमच्या सभासद नाहीत."

दुसऱ्या दिवशी जवळच्या ब्रूज शहरातले कालवे पाहिले. सुंदर आहेत, जरूर जा. मी मात्र प्रत्येक पुलावर चरफडत होते. तिकडे कोण डावं, कोण उजवं हे बिल्ल्यावरून ठरवू नका. पोटावर आलं की दोघं एकाच बाकावर बसतात, आणि त्या बाकावर आपल्याला जागा नसते.

परतल्यावर चॉकलेटं घेऊन दिव्याला गेले. सुमनला वरचा कागद सोलवेना, मीच सोलून दिला. सगळं सांगितलं. तिने चॉकलेट तोंडात टाकलं.

"मग त्यांचं सभासद व्हायला काय लागतं," तिने विचारलं, "ते विचारलंस का?"