बिनचिमट्याची दोरी

समोरच्या इमारतीतल्या काकू हल्ली वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावत नाहीत. वाऱ्याने एखादा टॉवेल खाली पडतो आणि त्या वरून नुसत्या बघत राहतात. परवा त्यांनी एक चिमटा घेतला, दोन्ही तळव्यांत धरून दाबला, आणि तो काही उघडेना तेव्हा पुन्हा टोपलीत टाकला.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. उठल्या उठल्या मी मूठ मिटून बघते. ती पुरती मिटत नाही. गरम पाण्यात हात बुडवून बसते, चहा होतो, गॅलरीत ऊन येतं, मग कुठे बोटं माझी होतात. दुखणं माणसाला आधी कळतच नाही. ते कळतं बरणीच्या झाकणाला, ब्लाऊजच्या हुकाला, चिमट्याला. दुखणं म्हणावं इतकं ते दुखतही नसतं.

आज न राहवून मी गॅलरीतून हाक मारली, "काकू, सकाळी बोटं आखडतात का हो?"

"तासभर तरी. वय झालं, दुसरं काय!"

"वयावर नका ढकलू. दोन्ही हातांचे सांधे सुजलेत तुमचे, काल भाजी घेताना बघितलं मी. संधिवात असला तर औषध लवकर सुरू झालेलं बरं, नाहीतर बोटं वाकडी होतात. डॉक्टरांना दाखवा."

"दाखवते," काकू म्हणाल्या. मग त्या माझ्या डोक्यावरच्या दोरीकडे बघत राहिल्या. "आणि तू कधी दाखवणार?"

माझ्या दोरीवरही एकसुद्धा चिमटा नव्हता.