पडद्यावरची चौथी खिडकी

तेरवीच्या दिवशी दुपारी माझ्या मेहुण्याने कूलर सुरू केला आणि आतल्या खोलीतला कॉम्प्युटर बंद पडला. घडलं एवढंच. पण त्या वर्षीचा सारा उरलेला उन्हाळा मी त्यातच घालवला.

कॉम्प्युटर आमचा नव्हता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. माझ्या धाकट्या भावाचं धरमपेठेत टायपिंगचं दुकान होतं. तिथे नवं यंत्र आलं तेव्हा त्याने जुनं आपल्या वहिनीला, म्हणजे माझ्या पत्नीला, वापरायला दिलं. ती उमरेडची, विणकरांच्या घरातली. माग, ताणा, धोटा, लुगड्याचे काठ, या सगळ्यांचे लहानपणी कानावर पडलेले शब्द गोळा करून तिला एक छोटासा कोश करायचा होता. एकेका आळीच्या शब्दांना तिने यंत्रात वेगळा कप्पा दिला होता. कप्पा उघडला की पडद्यावर चौकोनी खिडकी दिसे आणि तिच्यात फाईलींची नावं. दोन आळ्यांत एकाच वस्तूला दोन नावं असली की त्या दोन खिडक्या शेजारी ठेवून ती ताडून पाहायची आणि कोशात कोणतं एक घ्यायचं ते ठरवायची. जुळलं की खिडकी बंद.

दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती तेव्हा पडद्यावर चार खिडक्या उघड्या होत्या. उंबऱ्यावर थांबून ती म्हणाली, "मशीन बंद नका करू. उघडं आहे तेवढंच जुळवायचं राहिलंय."

घाईत, खिडक्यांतली नावं न वाचताच, मी पडद्याचा उजेड पार काळा होईपर्यंत कमी केला आणि यंत्र तसंच चालू ठेवलं. नवल म्हणजे तेवढ्या दिवसांत एकदाही लाइट गेली नाही. ती घरी आली नाही. त्या काळ्या पडद्यामागे खिडक्या होत्या तशाच होत्या. ते अपुरं काम मी पुरं करायचं, असं मी ठरवलं होतं, आणि कुठून सुरुवात करायची ते पडद्यावर मांडूनच ठेवलेलं होतं.

तेरवीला उमरेडची वडीलधारी मंडळी आली. नागपुरात मे महिन्यात आल्या माणसाला आधी कूलरसमोर बसवतात, पाणी मग विचारतात. बैठकीत व्होल्टेज इतकं कमी होतं की पंख्याची पाती मोजता येत होती. मेहुण्याने वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, वायर आतल्या खोलीत नेली आणि कॉम्प्युटरच्या स्टॅबिलायझरमध्ये कूलर लावला. पंप घरघरला, फ्यूज उडाला.

"भाऊजी, म्हातारे लोक घामानं भिजून राहिले होते," तो म्हणाला. "मले वाटलं, तिथला करंट चांगला."

बहिणीच्या तेरवीला तो सकाळपासून उन्हात बादल्या वाहत होता.

फ्यूज बांधून यंत्र लावलं. आधी काळा पडदा, मग तारीख विचारणारी ओळ, आणि मग एकच खिडकी, तीही अगदी पहिल्या, केव्हाच संपलेल्या कप्प्याची.

संध्याकाळी भाऊ स्कूटरवरून आला. त्याने एकेक कप्पा उघडून पाहिला.

"दादा, फाईली तर साऱ्या हायेत. एक अक्षर गेलं नाही. मग गेलं काय, सांग न मले."

कोणते चार कप्पे उघडे होते ते गेलं, असं मी म्हणालो. ते मशीन ध्यानात ठेवत नाही, असं त्याने सांगितलं. मग त्याला एक युक्ती सुचली. प्रत्येक फाईलीवर तारीख असते. सगळ्यात शेवटी हात लागला त्या फाईली शोधू. पण ते जुनं यंत्र बंद झालं की दिवस विसरायचं, दर वेळी तारीख भरावी लागायची, आणि पत्नीने ती कधी भरलीच नव्हती. बटण दाबून पुढे जायची. त्यामुळे दोन वर्षांचं सगळं काम एकाच तारखेचं निघालं, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

"वहिनीनं तर साराच कोश एका दिवसात लिहिला," असं म्हणून तो हसला, आणि माझ्याकडे पाहून स्कूटरची किल्ली शोधू लागला.

मग मी स्वतः बसू लागलो. पहाटे, कारण दिवसा आळीतले कूलर सुरू झाले की व्होल्टेज ढासळायचं आणि मांडलेलं सगळं पुन्हा जायचं. एक खिडकी उघडली की दुसरी तिच्यावर चढायची. माउस माझ्या हातात नांदत नव्हता. कप्प्यांना तिने दिलेली आखूड नावं तिलाच कळण्यासारखी होती, आणि खरं सांगायचं तर मला तिचाही राग येऊ लागला. एकदा तरी तिने मला सांगायचं होतं. जो भेटे तो म्हणे, काही हरवलं नाही ना, मग काहून जीव जाळून राहिले? हे ऐकून तर मला यंत्र उचलून सक्करदऱ्याच्या तलावात टाकावंसं वाटे.

तरी तीन खिडक्या मला हळूहळू आठवल्या. रोज संध्याकाळी ती काम करायची तेव्हा मी मागे वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो. मान वर केली की वरच्या दोन आणि खालची डावी दिसायची. खालची उजवी मात्र काही केल्या आठवेना.

महिन्याभराने मेहुणा लिंबं घेऊन आला. मी त्याला तिच्या खुर्चीत बसवलं, तीन खिडक्या मांडल्या आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो. ती बसायची तसं थोडं उजवीकडे सरक, म्हणालो. तो सरकला. बहीण-भावांच्या मानेची ठेवण एकच. पडद्याचा खालचा उजवा कोपरा त्याच्या डोक्यामागे पूर्ण झाकला गेला.

म्हणजे मी विसरलो नव्हतो. ती खिडकी माझ्या खुर्चीतून मला कधी दिसलीच नव्हती. आता उरलेल्या कोणत्याही कप्प्यात तिचं काम अपुरं असू शकत होतं. जिथे दोन नावं आहेत तिथे दोन्ही छापायची, याहून वेगळं माझ्या हातात काही नव्हतं. असा कोश तिला आवडला नसता.

"उठू काय, भाऊजी?" त्याने मागे न पाहता विचारलं.

"बस जरा," मी म्हणालो.