तिसऱ्या खिळ्यावरची चिठ्ठी

भिकाजीराव गेल्याचं कार्ड माझ्या हाती पडलं तेव्हा त्यांचं तेरावंही उरकलं होतं. त्याच्या दोनच महिने आधी ते माझ्या नव्या बदलीच्या गावी आले होते. "सहज आलो, साहेब. जरा दम लागतो हल्ली." मी म्हटलं, "वय झालं आता." चहा झाला. माझ्यापुढे कागदांचा ढीग होता... ते उठले आणि गेले.

पूर्वी पोलादपूरच्या वाटेवर आमचा गुरांचा दवाखाना होता. मी नवा डॉक्टर, भिकाजीराव कंपाउंडर आणि एक शिपाई, एवढाच फौजफाटा. सकाळी दार उघडायच्या आत गावोगावची माणसं निरोप घेऊन ओट्यावर बसलेली असत. जो जास्त ओरडेल त्याच्याकडे आधी जायचं, असा शिरस्ता. मी कॉलेजातून ताजी अक्कल घेऊन आलेलो. भिंतीत तीन खिळे ठोकले आणि प्रत्येक निरोपाची चिठ्ठी करू लागलो. पहिला खिळा 'आत्ता', दुसरा 'आज', तिसरा 'सवडीने'. भिकाजीरावांनी खिळे हलवून पाहिले. "घट्ट हायेत, साहेब," एवढंच म्हणाले. त्यातली थट्टा मला फार उशिरा कळली.

भातलावणीआधीच्या चिखलणीच्या दिवसांत वरच्या वाडीतली एक बाई आली. ओट्याच्या कडेला उभी राहून हळूच म्हणाली, "बैल जरा सुस्त हाय. खात नाय." मी तसंच लिहिलं आणि चिठ्ठी तिसऱ्या खिळ्याला अडकवली. भिकाजीराव म्हणाले, "हिच्याकडं आधी जाऊ या का?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." तेवढ्यात एका बड्या घरचा गडी "गाय मरते" म्हणून बोंबलत आला. आम्ही धावलो. गाईच्या शिंगाचं टोक तुटलं होतं आणि ती निवांत रवंथ करत होती.

दुसऱ्या दिवशी वाडीवर चढलो तर बैल घटसर्पाने गेलेला. जोडीतला दुसरा एकटाच दावणीला. शेत अर्धं चिखलून पडलेलं. लाज वाटली की मला राग येतो. मी तिलाच विचारलं, "एवढं होतं तर काल नीट सांगितलं का नाही?"

"सांगायलाच आलेली ना, डाक्टर. चिखलणी टाकून चार तास उगाच कोण चालतंय?"

ती चिडलीही नव्हती. तेच मला जास्त लागलं. भिकाजीरावांनी दुसऱ्या बैलाला लस टोचली, "याला जपू, गो," म्हणाले आणि शेजाऱ्याचा बैल तिला चिखलणीपुरता मागून दिला.

त्यानंतर ओट्यावर भिकाजीरावांचे प्रश्न सुरू झाले. "रवंथ करतंय का? उठतंय का?" आणि सगळ्यांत शेवटी, "किती चालून आलास, रे?" लांबून आलेल्याचं बोलणं कितीही मवाळ असो, चिठ्ठी पहिल्या खिळ्याला. डोंगरातली माणसं दुखणं कमी करूनच सांगतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते स्वतः त्यांतलेच. बड्या घरचे गडी कुरकुरले, तेव्हा मी मात्र भिकाजीरावांच्या पाठीशी उभा राहिलो.

कार्ड मिळाल्यावर त्यांच्या घरी गेलो. मुलीने त्यांची औषधांची जुनी पेटी पुढे ठेवली. झाकणाला आतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली. माझ्या अक्षरात, 'बैल सुस्त. खात नाही.' खाली त्यांच्या वाकड्या अक्षरात, 'चार तास चालून आली.'

"तुमच्याकडे यायला बाबा पहाटे निघाले होते," मुलगी म्हणाली. "दोन गाड्या बदलून, पुढचं चालत. डॉक्टरसाहेब मोठ्या दवाखान्यात नेतील म्हणाले होते."

किती चालून आलात, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.